आर्मासचे सात शनिवार

हाउकीलाहतीच्या शाळेची बस आर्मास हुत्तुनेनने चौतीस वर्षं चालवली, आणि एवढ्या वर्षांत ती फक्त दोनदा उशिरा आली. एकदा रस्त्यात एक अवाढव्य एल्क हरीण आडवं उभं राहिलं आणि हटायलाच तयार होईना म्हणून, आणि एकदा त्याच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. हरणाचं कारण तो सगळ्यांना सांगे. दुसरं कारण त्याची बायको हेल्वी सांगे.

तळ्याच्या काठाकाठाने जाणारा तो रस्ता सापासारखा वळणावळणांचा होता. निम्म्या मुलांच्या पोटात ढवळून यायचं. म्हणून आर्मासने बसमध्ये स्वतःचा एक नियम केला होता, आणि दर ऑगस्टमध्ये शाळा उघडली की पहिल्याच दिवशी तो आरशात बघून मुलांना सांगायचा: "पोटात ढवळायला लागलं तर लगेच सांगायचं. लाजायचं नाही. मी बस थांबवीन. उशिरा सांगितलंत तर बस थांबवूनही उपयोग नाही." आणि खरंच तो थांबवायचा. उणे पंचवीस अंशांत, बर्फाच्या ढिगाशेजारी, इंजिन चालू ठेवून. बाकीची मुलं हसायला लागली तर मागे वळून एकदाच बघायचा. त्याच्या सीटखाली एक निळी बादली आणि एक धुतलेला टॉवेल कायम असायचा. चौतीस वर्षांत बादल्या तीन झाल्या, नियम तोच राहिला.

असा हा माणूस. सदुसष्टाव्या वर्षी उंच, थोडा वाकलेला, आणि स्वच्छतेच्या बाबतीत हेल्वीलाही कंटाळा आणील इतका काटेकोर. आणि नेमकं त्या स्वच्छतेनेच त्याला गोत्यात आणलं.

गावाच्या धक्क्याजवळचा जुना सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली, दोन वर्षांपूर्वी जळाला होता. धुराडं नसलेला, आतून काजळीने काळाकुट्ट, ऐंशी वर्षांचा लाकडी सौना. असे सौने कधी ना कधी जळतातच, हे तळ्याकाठच्या प्रत्येकाला माहीत असतं. पण त्या दिवशी तापवायची पाळी आर्मासची होती, आणि दुपारी बाहेरच्या बाकावर त्याचा डोळा लागला होता. कोणी त्याला एका शब्दानेही बोललं नाही. ते न बोलणंच त्याला जास्त लागलं. पुढचे दोन उन्हाळे तो कुऱ्हाड घेऊन त्या जागेवर राबला. ओंडके त्याने स्वतः तासले, फटींत शेवाळ भरलं, भट्टीवरच्या दगडांची रास एकेक दगड हातात घेऊन, ठोकून, आवाज ऐकून रचली. शेजारचा रेयो आणि पोस्टातून निवृत्त झालेला तापिओ मदतीला यायचे, पण दगडांना हात लावायची परवानगी त्यांना नव्हती.

नव्या सौन्याची पहिली वाफ जूनमध्ये, युहान्नुसच्या आदल्या दिवशी घ्यायची असं ठरलं. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांचा तो सण. आणि हाउकीलाहतीची रीत अशी की ज्याने दगड रचले तोच सर्वांत वरच्या बाकावर बसतो आणि पहिल्या तीन पळ्या पाणी तोच टाकतो. त्याच्या आधी दुसरं कोणी आत जात नाही. आर्मास त्या तीन पळ्यांसाठी दोन वर्षं जगला होता, असं म्हटलं तरी चालेल. त्या तीन पळ्या पडल्या की जळालेल्या सौन्याचा हिशेब मिटला, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

पण एप्रिलमध्ये त्याला खाज सुटायला लागली.

लिंगाच्या टोकावरची कातडी लाल झाली. मग तिच्यावर बारीक चिरा पडल्या, लघवीला गेलं की झोंबायला लागलं. अंघोळ करताना जी कातडी आयुष्यभर सहज मागे सरत आली होती, ती आता पिशवीची नाडी ओढल्यासारखी आवळत चालली. आर्मासने स्वतःपुरता निष्कर्ष काढला की आपण पुरेसे स्वच्छ नाही. त्याची आई वासराच्या खुरापासून पोरांच्या डोक्यातल्या खवड्यांपर्यंत सगळ्यावर एकच इलाज करायची, तो म्हणजे पाइनच्या डांबराचा साबण. तेव्हा आर्मासने तो काळा साबण आणला आणि दिवसातून दोनदा घासून धुवायला सुरुवात केली. आग वाढली. म्हणून तीनदा धुवायला लागला. तरी वाढली, म्हणून नावेच्या शेडमधून डांबराच्या मलमाचा जुना डबा शोधून काढला आणि तेही लावलं. इलाज जितका झोंबेल तितका गुणकारी, अशी त्या पिढीची समजूत.

आणि शनिवार आला की तो घरीच राहू लागला.

जुना सौना जळाल्यापासून पुरुषमंडळी दर शनिवारी रेयोच्या काठावरच्या लहान सौन्यात जमायची. तिथे कोण कोणाकडे बघतो? चाळीस वर्षं हे लोक एकमेकांशेजारी उघडे बसत आले होते आणि एकमेकांच्या पोटांविषयी सोडून कधी काही बोलले नव्हते. पण आर्मासला वाटायला लागलं की आपण आत गेलो की सगळ्यांची नजर तिथेच जाईल.

पहिल्या शनिवारी त्याची पाठ दुखली. दुसऱ्या शनिवारी दात. तिसऱ्याला कान.

"पाठ, दात, कान," तापिओने दुकानासमोर त्याला गाठून बोटांवर मोजलं. "आता गुडघा उरलाय. पुढच्या शनिवारी गुडघा ना?"

"गुडघा कशाला दुखेल?" आर्मास म्हणाला.

चौथ्या शनिवारी त्याचा गुडघा दुखला. दुसरं काही सुचलंच नाही.

आमच्या भागात एखादा माणूस चर्चमध्ये सहा महिने गेला नाही तर कोणी विचारत नाही. पण तो चार शनिवार सौन्याला गेला नाही, तर गावाला वाटतं की एक तर तो मेलाय, नाही तर बायकोने टाकलंय. दुकानात बायका हेल्वीच्या टोपलीत डोकावायला लागल्या. एकीने तर सरळ विचारलं, "हेल्वी, घरी सगळं ठीक ना गं?" रेयो बिचारा वेगळ्याच काळजीत होता. आपण दगडांच्या राशीवरून मागे काहीतरी थट्टा केली, तीच आर्मासच्या मनाला लागली असणार, असं त्याने धरून ठेवलं आणि दोनदा दारात धुरावलेले मासे ठेवून गेला. आर्मासने मासे खाल्ले आणि त्याला आणखीनच अपराधी वाटलं.

हेल्वीला माशांपेक्षा वास जास्त खटकत होता.

"आर्मास, मी नवऱ्याबरोबर राहतेय की नावेबरोबर?" तिने एका सकाळी न्हाणीघराच्या दाराबाहेरून विचारलं. "घरभर डांबराचा घमघमाट आहे. डांबर होड्यांना फासतात."

"स्वच्छ राहायला नको?"

"दिवसातून तीनदा? तुला रंगवून पाण्यात सोडायचंय का?"

दिवसातून पंधरा वेळा तो लघवीला जात होता आणि कॉफीच्या जोडीला तांब्याभर पाणी पीत होता, हेही तिने पाहिलं होतं. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की आर्मासला ढकललं की तो मागे सरतो आणि वाट बघितली की पुढे येतो. ती वाट बघत होती. पाचवा शनिवारही तसाच गेला. त्या दिवशी कोणतं कारण सांगितलं, हे आर्मासलाही नंतर आठवेना.

जूनच्या चार तारखेला, बुधवारी सकाळी साडेसहा वाजता, आर्मासने ठरवलं की आता हे आवळणं संपवायचंच. युहान्नुस सोळा दिवसांवर आला होता. त्याने साबण लावला, दात आवळले आणि कातडी जोर करून मागे ओढली. ती गेली मागे. आणि मग पुढे येईना.

टोकाच्या मागे ती घट्ट कड्यासारखी बसली. त्याने ओढून पाहिलं, गार पाणी ओतलं, पुन्हा ओढून पाहिलं. बघता बघता पुढचा भाग सुजायला लागला. तेव्हा तरी त्याने हाक मारायची ना? नाही. तो पलंगावर जाऊन पालथ्या हाताने कपाळ झाकून पडला. संध्याकाळी घरचा सौना तापवू, घामाने आपोआप सैल होईल, असा त्याने बेत केला. म्हणजे आणखी दहा तास.

अकरा वाजता हेल्वी कॉफी घेऊन आत आली. आर्मासने कॉफीला नको म्हटलं. बेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. तिने कप खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"बोल."

"काही नाही."

"आर्मास, कॉफी नको म्हणालास. बोल."

मग तो बोलला. छताकडे बघत, तीन वाक्यांत. हेल्वीने पांघरूण उचलून बघितलं, पुन्हा नीट घातलं आणि उभी राहिली.

"गाडीची किल्ली कुठे आहे?"

"मला बसवणार नाही स्टिअरिंगपाशी."

"तुला कोण बसवतंय? मी चालवणार."

हेल्वीने शेवटची गाडी चालवली होती त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि तेव्हाही ती दुकानाच्या कुंपणात थांबली होती. आर्मास मागच्या सीटवर कुशीवर आडवा झाला, मांड्यांमध्ये टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेल्या मटारची पिशवी धरून. आरोग्य केंद्र बारा किलोमीटरवर, तोच वळणावळणांचा रस्ता. गाडी गचके खात निघाली.

"दुसरा टाक," मागून आवाज आला. "दुसरा गिअर! वळण येतंय, पाय काढ. अगं पाय काढ!"

"गप्प पड. ड्रायव्हरशी बोलू नये. तुझ्याच बसमध्ये पाटी होती."

"त्या बसला ड्रायव्हर होता!"

"आणि हिला मी आहे. पोटात ढवळलं तर सांग, थांबवते."

आर्मासला हसू आलं. हसताना दुखलं, म्हणून तो कण्हला, आणि कण्हला म्हणून हेल्वीने वेग वाढवला. त्या दिवशी त्या रस्त्यावर तिने ताशी साठचा वेग गाठला. ती गोष्ट ती अजून सांगते.

आरोग्य केंद्राच्या दारात सातू उभी होती. सातू म्हणजे तिथली नर्स आणि रेयोची थोरली मुलगी. नऊ वर्षं ती आर्मासच्या बसमधून शाळेत गेली होती, उजवीकडच्या तिसऱ्या खिडकीत बसून. तिला बघताच आर्मासने गाडीचं दार आतून पुन्हा ओढून घेतलं.

"दुसरं कोणी नाही का?" त्याने काचेतून विचारलं.

"बुधवारी मीच असते, आर्मासकाका. दुसरं कोणी हवं असेल तर शहरात जावं लागेल. सव्वा तास. हेल्वीकाकू चालवणार असतील तर अडीच."

"तू रेयोची मुलगी आहेस."

"इथे आत मी नर्स आहे. इथलं बोलणं मी घरच्या कॉफीच्या टेबलावर नेत नाही. नेलं असतं ना, तर या गावात कोणी कोणाशी बोललं नसतं." तिने दार उघडलं. "चला. कधीपासून असं आहे?"

"सकाळी साडेसहापासून."

सातूने घड्याळ बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. ती रागावली नाही, पण तिचा आवाज बदलला. "काका, मी दुसरीत असताना तुम्ही आम्हाला काय सांगायचात? लगेच सांगायचं, लाजायचं नाही."

"उशिरा सांगितलंत तर बस थांबवूनही उपयोग नाही," आर्मास पुटपुटला.

"अजून आहे उपयोग. पण संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पुढच्या भागाचं रक्तच अडलं असतं. हे असं अडकलं की तासाभरात यायचं, उद्याची वाट बघायची नाही. रविवार असो नाही तर नाताळ."

डॉक्टर लिंडक्विस्ट पस्तिशीच्या होत्या, किनाऱ्याकडच्या, जरा गाणं म्हटल्यासारखं बोलणाऱ्या. त्यांनी बधिर करणारी जेल लावली, गार पट्टी ठेवली, थांबल्या. मग हातमोजा घालून सुजलेला भाग मुठीत धरला आणि न हलता, अगदी सावकाश, दाबत राहिल्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. आर्मास भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता, ओळ न ओळ. मग दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी काहीतरी केलं, आणि ते कडं सुटलं. कातडी पुढे आली.

आर्मासने श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता.

"एवढंच?"

"एवढंच," डॉक्टर म्हणाल्या. "आता खरं सांगा, त्याला काय काय लावलंत?"

त्याने साबण सांगितला. मग मलम सांगितलं. मग नावेच्या शेडमधला डबा सांगितला. सातूने तोंड खिडकीकडे वळवलं, तिचे खांदे हलत होते.

"आर्मास, तुम्ही फार स्वच्छ माणूस आहात, हाच तुमचा त्रास आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तिथली कातडी पापणीसारखी नाजूक असते. साबणाने तिचं स्वतःचं तेल निघून जातं, मग ती सुकते, चिरते. न धुणंही वाईट, आत पांढरा मळ साठतो आणि जळजळ होते. पण त्याला कोमट पाणी पुरतं. दिवसातून एकदा. कातडी जेवढी सहज मागे जाईल तेवढीच न्यायची, जोर करायचा नाही. पाणी घालायचं, मऊ कपड्याने टिपायचं, आणि..."

"आणि?"

"आणि पुन्हा पुढे आणायची. दर वेळी. हे विसरायचं नाही."

आर्मासने खिशातून बसच्या काळातली पेन्सिल काढली आणि मनगटावर लिहिलं: परत पुढे.

पण डॉक्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तहान लागते का, विचारलं. लघवीला किती वेळा जाता, विचारलं. दाराजवळ बसलेल्या हेल्वीने त्याच्या आधीच उत्तर दिलं, "पंधरा." त्यांनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रावरचा आकडा बघितला आणि सातूला दाखवला. साखर असायला हवी त्याच्या दुपटीहून जास्त होती.

"या वयात एकेकाळी सैल असलेली कातडी आवळायला लागली, चिरायला लागली, की मी आधी साखर बघते," त्या म्हणाल्या. "लघवीतून साखर जाते, थेंब तिथे राहतो, आणि बुरशीला आयती मेजवानी. तुमच्या कातडीने तुम्हाला एप्रिलमध्येच निरोप पाठवला होता. तुम्ही निरोप्यालाच डांबर फासलंत."

यावर हेल्वी मोठ्याने हसली, मग सातू, आणि शेवटी पॅन्ट वर ओढत आर्मासही.

रक्त पुढच्या तपासणीला गेलं. साखरेच्या गोळ्या मिळाल्या, दिवसातून दोनदा लावायचं मलम मिळालं. आर्मासने एकच प्रश्न विचारला. त्याला दुसरं काही विचारायचंच नव्हतं.

"वीस तारखेला मला सौन्यात बसता येईल?"

"अठराला या, मग सांगते. तोवर नाही. सूज उतरू दे, चिरा भरू देत."

"माझा सौना आहे."

"आणि माझा पेशंट आहे," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर पडताना सातूने त्याच्या हातात एक कागद दिला आणि ती एकेका ओळीवर बोट ठेवून बोलली. लाली आठवड्याभरात ओसरली नाही, पू किंवा रक्त दिसलं, न भरणारी जखम किंवा गाठ आली, कातडी पांढरी पडून कडक व्हायला लागली, लघवी करताना फुग्यासारखी फुगायला लागली, तर फोन करून यायचं, महिना काढायचा नाही. पुन्हा अडकली किंवा लघवीच होईना, तर फोनसुद्धा करायचा नाही, सरळ निघायचं.

"मलमाने नाहीच सैल झाली तर लहानसं ऑपरेशन असतं," ती म्हणाली. "त्यातही लाजण्यासारखं काही नाही. पण बहुतेक लागणार नाही."

"सातू."

"हं?"

"पाचवीत तू निळ्या बादलीत ओकली होतीस. ती गोष्ट मी कोणाला सांगितली नाही."

"माहीत आहे मला, काका," सातू म्हणाली. "म्हणून तर."

पुढचे दोन शनिवारही आर्मास गेला नाही, पण आता डॉक्टरच्या हुकमावरून. त्यामुळे त्या दोन शनिवारांना त्याने कोणतंही कारण दिलं नाही. तापिओने विचारलं, "आज काय दुखतंय?" तर म्हणाला, "काही नाही. वीसला सांगतो." तापिओ दिवसभर बेचैन होता. कारण न देणारा आर्मास त्याला जास्त धोकादायक वाटला. तापिओने आरशासमोर पळी धरून बघितली असणार, असं हेल्वी म्हणायची. आर्मास आला नाही तर पहिली पळी तापिओच्या हातात जाणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

घरात मात्र मजा चालली होती. डांबराचा साबण हेल्वीने खरोखरच नावेच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. वेलदोड्याचा गोड बन शनिवारपुरता उरला, तोही अर्धा. संध्याकाळी जेवण झालं की दोघं तळ्याकाठाने चालायला जायची, कारण गोळ्यांइतकंच चालणं साखरेला लागू पडतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तीस वर्षांत ती अशी चालली नव्हती. बस चालवणाऱ्याला चालणं म्हणजे बस बिघडल्याची खूण वाटते. "अगं, तू रोज एवढं बोलतेस?" तो तिला म्हणाला. "रोज," ती म्हणाली. "इंजिनच्या आवाजात तुला ऐकू येत नव्हतं." दहाव्या दिवशी तहान कमी झाली. बाराव्या दिवशी धुताना कातडी आपोआप मागे सरली, काही न दुखता. आर्मासने ती पुन्हा पुढे आणली आणि न्हाणीघरातच शीळ घातली. बाहेर हेल्वीने कपबशी खाली ठेवली आणि डोळे पुसले.

अठरा तारखेला डॉक्टर लिंडक्विस्टनी बराच वेळ तपासलं. आर्मास कॅलेंडर वाचत होता. आता ते त्याला पाठ झालं होतं.

"सौन्याने तुमचं काही बिघडवलं नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "बिघडवलं डांबराने आणि साखरेने. जा. नुसत्या पाण्याने धुवा, कोरडं टिपा. मलम आणखी महिनाभर. साखरेचं तर आता कायमचंच."

"आणि परत पुढे," आर्मास म्हणाला.

वीस तारखेला सकाळी दहा वाजता त्याने नव्या सौन्यात आल्डरची लाकडं पेटवली. या वेळी तो बाकावर बसला नाही. सहा तास उभा राहिला, पाण्याच्या दोन बादल्या शेजारी ठेवून. धूर दारातून, झरोक्यातून बाहेर पडून तळ्यावर पसरत होता. चार वाजता आग विझवली, राख काढली, धूर जाऊ दिला, बाक धुतले. पाच वाजता पुरुषमंडळी धक्क्यावर टॉवेल गुंडाळून उभी राहिली. बायकांची पाळी नंतर होती. त्या गवतावर कोवळे बटाटे उकडत होत्या आणि मोठमोठ्याने बोलत होत्या. तापिओ सर्वांत पुढे उभा होता. उगीचच.

आर्मासने टॉवेल खुंटीला लावला आणि आत गेला. त्याच्यामागे रेयो, तापिओ आणि आणखी आठ जण. अंधार, काजळीचा आणि ताज्या लाकडाचा वास, दगडांतून येणारी जड, मऊ उष्णता. तो वर चढला, पळी बुडवली आणि पाणी टाकलं. दगड फुसफुसले नाहीत, हुंकारले. वाफ छताला लागून त्यांच्या खांद्यांवर उतरली. दुसरी पळी. तिसरी. कोणीतरी हळूच "हं" म्हणालं, आणि आमच्याकडे याहून मोठी दाद नसते.

मग तापिओने तोंड उघडलं.

"सात शनिवार, आर्मास. पाठ, दात, कान, गुडघा. वीसला सांगतो म्हणालास."

आर्मासने कपाळावरचा घाम पुसला. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण अंधारात तो समोर बघत होता, आणि त्या बाकांवर दहा माणसं ओळीने बसली होती, अगदी बसमध्ये बसल्यासारखी. त्याला वाटलं, हे नियम फक्त मुलांसाठी का असावेत?

त्याने सगळं सांगितलं. खाज, साबण, नावेच्या शेडमधला डबा, पलंगावरचे साडेचार तास, हेल्वीचा ताशी साठचा वेग. निरोप्याला डांबर फासल्याचं सांगितलं तेव्हा तापिओ बाकावरून घसरता घसरता राहिला. हसण्याने सौना दणाणला. बाहेर बायका गप्प झाल्या आणि एक म्हणाली, "आत काय पेटलं की काय पुन्हा?"

"म्हणजे तू माझ्यावर रागावला नव्हतास?" रेयोने विचारलं.

"तुझ्यावर? कशाबद्दल?"

"आणि मी मासे देत बसलो!"

पुन्हा हसणं. आर्मासने आणखी एक पळी टाकली. वाफ उतरली, आवाज निवले. मग रेयोने, दगडांकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं:

"अशी लाल चीर असली, समजा. किती दिवस वाट बघायची म्हणालास?"

आर्मासने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"किती झाले?" आर्मासने विचारलं.

"ईस्टरपासून."

"सोमवारी जायचं."

"सोमवारी तिथे सातू असेल. माझी मुलगी आहे, लेका!"

"सोमवारी आणि मंगळवारी दुसरी असते. सातू बुधवार ते शुक्रवार." आर्मासने पळी बादलीत ठेवली. "मला वेळापत्रक पाठ आहे. आठ वाजून दहा मिनिटांनी तुझ्या दारात येतो. उशीर करू नकोस."

खालच्या बाकावरून, कोपऱ्यातून, आणखी एक आवाज आला. तो तापिओचा होता, आणि तो थट्टा करत नव्हता.

"गाडीत जागा किती आहे?"

यावर जो हशा पिकला तो थांबेना, म्हणून सगळे तसेच दार ढकलून बाहेर पळाले आणि धक्क्यावरून तळ्यात उड्या मारल्या. पाणी गार होतं. आर्मासने सर्वांत शेवटी उडी मारली आणि तो सर्वांत लांब पोहत गेला. मग अंग कोरडं टिपताना तो एक क्षण थांबला, 'परत पुढे' लिहिलं होतं त्या मनगटाकडे बघितलं, आणि जे करायचं होतं ते करून टॉवेल गुंडाळला.

सोमवारी आठ वाजून आठ मिनिटांनी त्याची गाडी रेयोच्या दारात उभी होती. रेयो आणि तापिओ आधीच फाटकाशी येऊन थांबले होते, केस विंचरून, शाळेच्या पहिल्या दिवसासारखे. ते मागे बसले. आर्मासने आरसा नीट केला आणि दोघांकडे बघितलं.

"पोटात ढवळलं तर लगेच सांगायचं," तो म्हणाला आणि पहिला गिअर टाकला.